पिवळी कॉइल कोणत्या भट्टीची?

५ जानेवारी २०२६, सोमवार

आमोदने माझ्याकडून शब्द घेतला आहे की जर्मन बाईंचं काम संपेपर्यंत मी कारखान्यात कोणावरही ओरडणार नाही. जे बोलायचं नाही ते कुठेतरी ठेवायला हवं, म्हणून ही वही. दुसरं कारण नाही. डायरीची हौस मला कॉलेजातही नव्हती.

मुळात मी ओरडत नाही. स्पष्ट बोलते. गेल्या महिन्यात टूलरूमचे मिस्त्री सोडून गेले आणि जाताना आमोदला म्हणाले, "पगार ठीक आहे, बाई झेपत नाहीत." त्यांनी मायक्रोमीटर जमिनीवर ठेवला होता. जमिनीवर. त्यावर मी चार वाक्यं बोलले. आमोद म्हणतो चाळीस होती आणि ती गेटवर ऐकू आली.

आमोद माझा भाचा. माझा भाऊ माधव गेल्यापासून कारखाना तो बघतो. खरेदी आणि स्टोअर १९८४ पासून माझ्याकडे. कात्रजपलीकडे नऱ्ह्याला आमचा बोल्टचा कारखाना आहे, सव्वीस माणसं. पोलादाच्या जाड तारेच्या कॉइल आणायच्या, तार ओढून बारीक करायची, ठोकून बोल्ट करायचे, वाघोलीला पाठवून कडक करून आणायचे आणि खोक्यांत भरून जर्मनीला रवाना. अर्ध्याहून जास्त माल एकट्या जर्मन बाई घेतात. सोळा वर्षांत एक खेप परत आलेली नाही.

६ जानेवारी, मंगळवार

आता जर्मन बाईंचं काम काय ते लिहून टाकते, म्हणजे माझ्याही डोक्यात नीट बसेल.

या जानेवारीपासून युरोपात बाहेरून पोलाद किंवा पोलादाची वस्तू आणणाऱ्याला ती बनवताना किती कार्बन हवेत गेला हे सांगावं लागतं आणि तेवढा कर भरावा लागतो. आपण खरा आकडा पुराव्यासकट दिला तर तो धरतात. नाही दिला तर ते स्वतःचा आकडा धरतात आणि तो हात सैल सोडून धरलेला असतो. जर्मन बाईंनी सरळ लिहिलं आहे: गेल्या वर्षीच्या प्रत्येक खेपेतलं पोलाद कोणत्या मिलचं, कोणत्या पद्धतीने केलेलं, हे ३१ मार्चपर्यंत दाखवा. आमचा माणूस येऊन तपासेल. जमलं नाही तर यंदाची ऑर्डर तुर्कस्तानच्या पुरवठादाराला द्यावी लागेल. शेवटी "मला वाईट वाटेल" असं लिहिलं आहे. जर्मन माणूस हे उगाच लिहीत नाही.

ऑर्डर गेली तर दुसरी पाळी बंद. म्हणजे अकरा माणसं घरी. आमोदने हे सांगताना नावं घेतली नाहीत. मी मनात घेतली.

९ जानेवारी, शुक्रवार

बाणेरहून सल्लागार आले. दिग्विजय. वय तिशीच्या आत, बूट मात्र फार भारी. मी त्यांना स्टोअर दाखवलं. आमचं स्टोअर बघायला लोक येत असत. १९९९ साली मी स्वतः बसवलेली पद्धत आहे. मिलमधून येणाऱ्या कॉइलला पत्र्याचा टॅग बांधलेला असतो. असा एक टॅग तारेबरोबर मशीनमध्ये ओढला गेला, तार जिच्यातून ओढतात ती डाय फुटली आणि एका माणसाच्या बोटाला सहा टाके पडले. त्याच आठवड्यात मी हुकूम काढला: टॅग गेटवरच कापून भंगारात टाकायचे आणि कॉइलवर रंगाचा पट्टा ओढायचा. पिवळा, हिरवा, लाल. प्रत्येक दर्जाच्या पोलादाला एक रंग. जर्मनीचा सगळा माल पिवळ्याचा. सत्तावीस वर्षांत चुकीची कॉइल मशीनवर गेली नाही.

दिग्विजयनी फोटो काढले. मग म्हणाले, "मॅडम, सुपर आहे. पण ही यलो कॉइल कुठल्या मिलची?"

मी म्हटलं, पिवळी.

"हो, पण मिल?"

पिवळा दर्जा आम्ही दोन ठिकाणचा घेतो. एक मोठी मिल, खनिजापासून कोळशावर पोलाद करणारी. दुसरी जालन्याची, भंगार वितळवून करणारी. दोन्ही माल पुण्याच्या एकाच डीलरकडून येतात, त्याच्या बिलावर फक्त दर्जा आणि वजन. मिलची सर्टिफिकेटं फायलीत आहेत, एकही हरवलेलं नाही. पण कोणतं सर्टिफिकेट कोणत्या कॉइलचं, हे फक्त टॅगवरचा नंबर सांगतो. आणि टॅग मी सत्तावीस वर्षं भंगारात विकते आहे.

"म्हणजे बेसिकली ट्रेसेबिलिटी झिरो," दिग्विजय म्हणाले.

त्यांचा उपाय: यापुढे तार कोरियाहून आयात करा, कागद तयार मिळतात. मी विचारलं, म्हणजे कोरियाची तार बोटीने इथे आणायची, तिचे बोल्ट करून बोटीने जर्मनीला पाठवायचे, आणि हे सगळं हवा स्वच्छ राहावी म्हणून?

"मॅडम, हवा स्कोपमध्ये नाही. पेपर स्कोपमध्ये आहे."

माणूस प्रामाणिक आहे. आणि कोरियाच्या तारेने गेल्या वर्षाचं उत्तर मिळत नाही ते नाहीच.

संध्याकाळी आमोदला सांगितलं की ही चूक माझी आहे, दुसऱ्या कोणाची नाही. तो म्हणाला, "आत्या, त्या बोटाचं काय झालं असतं नाहीतर?" मुद्दा बरोबर आहे. पण टॅग कापून खिळ्याला अडकवता आला असता. भंगारात टाका असं मशीनने सांगितलं नव्हतं.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. पॅकिंगची हिरा डबा घेऊन आली. माझ्या हातावर तिळाची वडी ठेवली, पुढचं वाक्य बोलायला तोंड उघडलं आणि थांबली. मग म्हणाली, "बाई, यंदा तुम्हाला म्हणायची गरजच नाही." सगळं पॅकिंग हसलं. काय विनोद होता कळलं नाही. वडी चांगली होती, गूळ जरा कमी.

नंतर हळूच विचारलं तिने, "बाई, तब्येत बरी आहे ना? डॉक्टरकडे जाऊन आलात का?" मी म्हटलं, ठणठणीत आहे. "नाही, आवाज येत नाही दहा दिवस, म्हणून."

२० जानेवारी, मंगळवार

आज वाघोलीला गेले. आमचे बोल्ट तिथल्या भट्टीत कडक होतात, भट्टी गॅसवर चालते, तो गॅसही मोजायचा आहे. रस्त्यात दीड तास गेला. आमोद गाडी चालवत होता. तो दिग्विजयच्या लॅपटॉपवरच्या तक्त्याबद्दल सांगत होता, त्यात गॅस टाकला की आपोआप आकडा येतो म्हणे. मी म्हटलं, तक्ता कशाला? कार्बन बारा, ऑक्सिजन सोळा, दोनदा. बाराचे चव्वेचाळीस होतात. गॅसमध्ये कार्बन किती ते कळलं की झालं.

पाठकोऱ्या बिलावर गाडीतच गणित केलं. १९८० ची बी.एस्सी., रसायनशास्त्र, त्यानंतर या पदवीचा उपयोग मी फक्त गंज ओळखायला केला. परत आल्यावर दिग्विजयचा तक्ता उघडला. त्याचा आकडा आणि माझा आकडा दुसऱ्या दशांश स्थळापर्यंत एक.

"मॅडम, तुम्ही हे हाताने केलं?"

"तुमच्या वेळी शिकवत नव्हते का?"

हे बोलणं ओरडण्यात धरायचं नाही, असं आमोदने मान्य केलं.

फार बरं वाटलं. घरी जाऊन बाराचे चव्वेचाळीस पुन्हा एकदा करून पाहिले, उगाच.

मात्र गॅसचा आकडा चिल्लर निघाला. सगळा भार पोलादाचाच आहे. मोठ्या मिलच्या एका टनामागे सव्वादोन टन वायू, जालन्याच्या एका टनामागे अर्ध्याहून कमी. म्हणजे प्रश्न तोच उरला. पिवळी कॉइल कोणत्या भट्टीची?

२८ जानेवारी, बुधवार

हल्ली लोक फार बोलू लागले आहेत. थंडीमुळे असावं.

आज कळलं की कारखान्यात साडेचारला दुसरा चहा होतो. अकरा वर्षं होतो आहे. मला माहीत नव्हतं. हिराने कपभर आणून माझ्या टेबलावर ठेवला तेव्हा कळलं. मी विचारलं, हा कुठला चहा? ती म्हणाली, "रोजचाच, बाई." त्यात आलं असतं. सव्वातीनच्या अधिकृत चहात आलं नसतं. अकरा वर्षं मी बिनआल्याचा चहा प्यायले.

तीन नंबर मशीनचे सलिल आपणहून सांगून गेले की मशीन सकाळी पहिला अर्धा तास वाकडा माल काढतं आणि तो माल ते गुपचूप बाजूला ठेवतात. "आधी का नाही सांगितलंत?" असं मी विचारलं, साध्या आवाजात. ते छताकडे बघत राहिले.

बाहेरून मिस्त्री बोलावला. तासाभराचं काम निघालं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आजचं नीट लिहायला हवं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत स्टोअरचे संपत माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. बावीस वर्षं आमच्याकडे आहेत, मूळचे पुसदचे. बोलतात कमी. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी.

"बाई, एक दाखवायचं होतं. पन रागावू नका."

मी म्हटलं, मार्चपर्यंत रागावता येत नाही, काढा.

शाळेच्या दोन शंभरपानी वह्या. पेन्सिलीने आखलेले रकाने. तारीख, ट्रकचा नंबर, रंग, मिलचं नाव, टॅगवरचा नंबर, कॉइल कुठल्या कोपऱ्यात ठेवली, कोणत्या दिवशी कोणत्या मशीनवर गेली. सगळं २०२५. प्रत्येक कॉइल.

मी पान उलटत राहिले.

"टॅग कापा म्हनाले तुम्ही, मी कापतो," संपत म्हणाले. "पन कापायच्या आधी लिहून घेतो. आमच्या गावाकडं जिनिंगमधी कापसाच्या प्रत्येक गाठीले नंबर राहाते. एक डाव एका गाठीचा नंबर लिहायचा राहिला, तर माझ्या बाले घरी बसवलं. तवापासून सवय हाये. नंबर पाहिला का हात लिहिते."

"या दोनच वह्या?"

"एकतीस हायेत. ग्रीसच्या ड्रममागं."

बावीस वर्षांच्या. ग्रीसच्या ड्रममागे. मी त्या ड्रमसमोरून दिवसातून चारदा जाते.

विचारलं, नऊ तारखेपासून आम्ही डोकं फोडतो आहोत, सगळ्या कारखान्याला माहीत आहे, तर महिनाभर गप्प का बसलात?

"तुम्ही म्हनाल, टॅग फेका म्हनलं तर लिहीत का बसला. कामाच्या येळात."

"पण बावीस वर्षांत एकदा तरी सांगायचं होतं!"

संपत म्हणाले, "तुम्ही कधी इचारलं नाही, बाई. नुसतं सांगितलं."

साडेचारचा चहा अडीचला मागवला, दोन कप. ते उभ्यानेच प्यायले. बसा म्हटलं तर म्हणाले, पँटला ग्रीस आहे.

आमोदला बोलावून वह्या दाखवल्या. त्याने संपतना मिठी मारली. शर्ट गेला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

कारखान्याची सुट्टी. बुधवार पेठेत जाऊन दिव्याचं भिंग आणलं. संपतची पेन्सिल काही पानांवर पुसट झाली आहे, सात आणि एक सारखेच दिसतात. दुकानदार सहाशे म्हणाला, मी साडेतीनशेला आणलं. दुकानात आवाज चढवायला बंदी नाही, हे आधीच स्पष्ट करून घेतलं होतं.

११ फेब्रुवारी, बुधवार

रोज दोन ते पाच संपत आणि मी. ते नंबर वाचतात, मी सर्टिफिकेट शोधते, हिरा खोक्यांच्या यादीवर खूण करते. वाचताना संपत मध्येच म्हणतात, "या गाडीचा डायव्हर फार हुज्जत घालत होता." किंवा, "ही कॉइल गंजकी होती, मी तुमाले दाखवली, तुम्ही डीलरले फोनवर लय झापलं." त्यांना सगळं आठवतं. मला झापल्याचं आठवत नाही.

२०२५ मध्ये पिवळ्या कॉइल ४१२. त्यांतल्या २६३ जालन्याच्या. माझी समजूत होती की निम्म्या निम्म्या असतील. मोठ्या मिलच्या १२८.

बेरीज २१ ने कमी पडते.

मे महिन्यात अठरा दिवस वही कोरी आहे. मी विचारलं, हे काय? संपत खाली बघत म्हणाले, "लेकीचं लगन होतं." हिराने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच खोक्यांकडे पाहिलं. मग आठवलं. रजा मी नाकारली होती. मेमध्ये माल येतो, आठ दिवसांच्या वर देता येत नाही, असं म्हणाले होते. बहुधा मोठ्याने. ते न सांगता गेले, म्हणून बदली माणसाला काही सांगितलं गेलं नाही. परत आल्यावर मी दहा दिवसांचा पगार कापला होता.

लेकीचं नाव विचारलं. अस्मिता. आता वाशिमला असते. बरं चाललं आहे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

दिग्विजयचं म्हणणं, २१ कॉइलना सरासरी लावून टाका. "मॅडम, पाच टक्के माल आहे. कोणाला कळणार?"

मी काही बोलायच्या आत संपत म्हणाले, "नाही पाह्यलं त्याचं लिहायचं नाही."

दिग्विजय हसले. "काका, पण मग त्या कॉइलना सर्वांत जास्त आकडा लागेल. तुमचाच लॉस."

"लागू द्या."

माझंही मत तेच. पण धाकधूक आहे, ती इथे लिहिते. तपासनिसाला भोक दिसलं की सगळंच कापड फाटकं वाटू शकतं. एकवीस कॉइलपायी अकरा माणसं घरी गेली तर मी प्रामाणिक होते असं त्यांना सांगून काय उपयोग? आमोदला विचारलं. तो म्हणाला, "आत्या, तू ठरव." पूर्वी तो असं म्हणत नसे. पूर्वी विचारण्याची वेळच येत नसे.

ठरलं. जागा कोरी ठेवायची.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

जालन्याचे मिलमालक बद्रीनाथजी स्वतः आले, सुट्टीच्या दिवशी, थेट माझ्या सहकारनगरच्या फ्लॅटवर. मी त्यांना फोनवर एवढंच विचारलं होतं की तुमच्या भट्टीत भंगार किती टक्के असतं. ते मोसंब्यांचं पोतं आणि भट्टीची सहा रजिस्टरं घेऊन हजर. दोन्ही सोफ्यावर ठेवलं.

"ताई, तीस वर्षं मिल चालवतो. लोक भाव विचारतात. भंगार कुठून येतं हे पुण्याहून पहिल्यांदा कोणी विचारलं!"

सत्तरीचे असतील. कोणत्या महिन्यात जुन्या बसगाड्या आल्या, कोणत्या महिन्यात साखर कारखान्याची मोडलेली टाकी आली, हे नातवंडांची नावं सांगावीत तसं सांगत होते. रजिस्टरात बघू लागले तेव्हा आपणहून म्हणाले, "एक सांगतो, लपवत नाही. पावसाळ्यात भंगार ओलं येतं, कमी येतं. तेव्हा आम्ही खनिजापासून कोळशावर केलेलं कच्चं लोखंड, स्पंज आयर्न, मिसळतो. तेवढ्या दोन महिन्यांचा आकडा तुम्हाला आवडणार नाही."

तो आकडा एका टनाच्या वर गेला. आवडला नाही. लिहून घेतला.

जाताना म्हणाले, डीलर मधे कशाला, थेट आमच्याकडून घ्या, टॅग मी जाड पत्र्याचा करून देतो. मी म्हटलं, भावाचं बोला. मग दीड तास भावाचं बोललो. फार दिवसांनी इतका चांगला गेला दीड तास. पोळीभाजी खाऊन गेले. माझ्या हातची पोळी त्यांना जाड वाटली असावी, पण चार खाल्ल्या.

मोसंबी सव्वीस जणांत वाटली. सहा उरली, ती वाघोलीच्या भट्टीवाल्यांना.

१० मार्च, मंगळवार

तपासनीस उद्या. मधल्या दिवसांचं लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं, फक्त काम होतं. फाइल तयार आहे. संपतनी उद्यासाठी नवा शर्ट घेतला आहे, हिराने गुपित फोडलं. मी काय नेसावं याचा विचार केला, मग विचार केल्याबद्दल स्वतःला बोलले.

११ मार्च, बुधवार

तपासनीस म्हणजे उत्कर्षा नावाची पस्तिशीची मुलगी, मेटलर्जी शिकलेली. कमी बोलते. मला आवडली.

फाइल तिने बाजूला ठेवली. सरळ पॅकिंगमध्ये गेली, गेल्या ऑक्टोबरचं एक राखून ठेवलेलं नमुन्याचं खोकं उघडलं, त्यातून एक बोल्ट उचलला आणि विचारलं, "हा कोणत्या पोलादाचा?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी संपतकडे बघितलं.

संपतनी बोल्ट घेतला नाही. खोक्यावरचा लॉट नंबर वाचला, हिराकडून तारीख आणि मशीन घेतलं, चष्मा शोधला. चष्मा शोधण्यात तीन मिनिटं गेली, तो डोक्यावर होता आणि सांगायची हिंमत कोणी केली नाही, शेवटी मीच काढून नाकावर ठेवला. मग वही. बोट रकान्यावरून खाली. "जालना. ह्यो टॅग नंबर. चवदा ऑक्टोबरले आली, गेटच्या डाव्या हाताला ठेवली होती, सतरा तारखेले तीन नंबरवर गेली." मी सर्टिफिकेट काढून दिलं. तिने नंबर ताडून पाहिला, मग बद्रीनाथजींच्या रजिस्टरच्या नकलेत त्या कॉइलचं पोलाद भट्टीतून निघालं त्या दिवसाचं भंगार पाहिलं.

"अकरा मिनिटं," ती म्हणाली. "मागच्या कारखान्यात दोन दिवस लागले होते, आणि तिथे सॉफ्टवेअर होतं."

असे नऊ बोल्ट विचारले. सहा जालन्याचे, तीन मोठ्या मिलचे. एकही अडला नाही. दहावा मेचा निघाला.

संपत म्हणाले, "हे नाही माहीत."

"म्हणजे?"

"वही कोरी हाये. मी नव्हतो. लेकीचं लगन होतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की त्या २१ कॉइलना आम्ही सर्वांत जास्त आकडा लावून घेतला आहे, आणि संपतना रजा नाकारण्याची चूक माझी आहे. दिग्विजय मागे उभे होते, त्यांनी डोळे मिटले.

उत्कर्षाने कोऱ्या पानाच्या मागचं-पुढचं पान उलटून पाहिलं. मग लॅपटॉपवर काहीतरी लिहिलं. आमोदने वाकून वाचलं आणि मला नंतर सांगितलं. नोंदीत अभाव: अठरा दिवस. कारण: नोंद ठेवणाऱ्याच्या मुलीचा विवाह. शेरा: कोऱ्या जागा भरलेल्या नाहीत, त्यामुळे उरलेल्या नोंदी विश्वसनीय.

जाताना तिने मूळ वह्या मागितल्या. संपत म्हणाले, "वह्या नाही देनार. फोटो काढा." आमोद पांढरा पडला. तिने बसून एकशे चौऱ्याण्णव पानांचे फोटो काढले. मधे हिराने तिला साडेचारचा चहा दिला.

१९ मार्च, गुरुवार

पाडवा. सकाळी आमोद गुढी उभारायला आला तो फोन नाचवतच. जर्मन बाईंचं पत्र. ऑर्डर कायम, एक नव्हे दोन वर्षांची. शिवाय तुर्कस्तानला जाणार होता तो आणखी एका मापाचा बोल्टही आमच्याकडे, कारण आमचा आकडा त्यांच्यापेक्षा खाली आला. पाऊस धरून, मेची भोकं धरून, तरी खाली.

मी पत्र तीनदा वाचलं. आमोदने मला उचलायचा प्रयत्न केला. अडुसष्टाव्या वर्षी माणसाला उचलू नये, त्याची कंबर गेली तर कारखाना कोण बघणार? तसं सांगितलं. मग दोघांनी श्रीखंड संपवलं.

संपतना फोन केला. म्हणाले, "मंग दुसरी पाळी हाये ना?" हो म्हटलं. मागे कोणीतरी शिट्टी मारली. हिराच असणार. तिचं संपतच्या घरी काय काम होतं विचारलं तर म्हणे सगळी दुसरी पाळी तिथेच पुरणपोळी खायला जमली आहे. दरवर्षी जमते. मला आज कळलं. पुढल्या वर्षी या म्हणाले.

पत्रात एक अट आहे. मालाची नोंद ठेवणारी व्यक्ती आणि खरेदी करणारी व्यक्ती वेगळी हवी, आणि नोंद ठेवणाऱ्याचं नाव कळवा. आमोदने फॉर्ममध्ये नावाची जागा मोकळी ठेवून माझ्यासमोर धरला. म्हणाला, "खरेदी सोडतेस की नोंद?" बेचाळीस वर्षं दोन्ही माझ्याकडे होतं.

मी संपतचं पूर्ण नाव विचारून घेतलं. बावीस वर्षांत आडनाव माहीत नव्हतं. इंगोले. लिहिलं.

२३ मार्च, सोमवार

आज स्टोअर संपत इंगोले यांच्या ताब्यात दिलं. काय काय दिलं त्याची नोंद.

स्टोअरच्या किल्ल्या तीन. सर्टिफिकेटांच्या फायली, १९८४ पासूनच्या, कपाटासकट. नवीन जाड रजिस्टरं सहा, शाईचं पेन, दिव्याचं भिंग. रंगाचे डबे तिन्ही, पट्टे पूर्वीसारखेच ओढायचे, टॅग मात्र कापून नंबरासकट खिळ्याला अडकवायचे. मेमध्ये कापलेला दहा दिवसांचा पगार. आणि एका कागदावर माझ्या सहीने एवढं: ज्या कॉइलला टॅग नाही ती उतरवून घ्यायची नाही, मग ती कोणीही मागवलेली असो.

त्यांनी प्रत्येक गोष्ट रजिस्टरच्या पहिल्या पानावर उतरवली, तारीख, वेळ, कोणाकडून. किल्ल्यांपैकी एक वाकडी आहे, तेही लिहिलं.

तीन वाजता जालन्याहून थेट खरेदीची पहिली गाडी आली. चौदा कॉइल. भाव मी स्वतः ठरवलेला, पैसे भरलेले. संपतनी बारा उतरवल्या. उरलेल्या दोन कॉइलचे टॅग वाटेत तुटले होते. मी म्हटलं, संपतराव, गाडी समोर उभी आहे, एकाच मिलची आहे, बद्रीनाथजींना मी आत्ता फोन लावते. त्यांनी माझा कागद माझ्यासमोर धरला.

पोचपावती मला मिळाली. बारा कॉइल. चौदा लिहा म्हटलं, लिहिलं नाही.